गायबगळा : गोठ्याचा अन् उसाचा बिनपगारी गडी



सिंदफणेच्या काठाने जनावरे चरताना त्यांच्या पायांत घुटमळणारे पांढरे बगळे आपण शिरूर कासार भागात नेहमी बघतो. हा गायबगळा. चोच पिवळी, पावसाळ्यात विणीच्या वेळी डोके, मान व पाठीवर नारिंगी पिसे येतात.

जनावर चालले की गवतातले नाकतोडे उडतात, ते हा टिपतो. तेच त्याचे मुख्य खाणे. सोबत जनावराच्या अंगावरच्या माश्या व गोचीडही वेचतो. कोतवाल म्हशीच्या पाठीवर बसतो तो उडत्या किड्यांसाठी. साळुंकी व कावळाही गोचीड टिपतात. हवाई बेटांवर जनावरांच्या माश्यांचा बंदोबस्त व्हावा म्हणून १९५९ साली गायबगळे मुद्दाम नेऊन सोडले. आपल्याकडे ते न बोलावता येतात!

तरी सगळा भार पक्ष्यांवर टाकू नये. गोचिडाची मादी रक्त पिऊन फुगली की खाली गळते आणि गोठ्याच्या भेगांत हजारो अंडी घालते. तिथे बगळ्याची चोच पोचत नाही. गोचिडामुळे थायलेरिया होतो; संकरित गाईला त्याचा धोका जास्त. भरपूर ताप, खांद्यापुढची गाठ सुजलेली दिसली की लगेच जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावे. गोठ्याच्या भेगा बुजवाव्यात. औषध त्यांच्याच सल्ल्याने फवारावे. उरलेले ओढ्यात ओतू नये. आपल्या भागातले कितीतरी तोडणी कामगार बैलजोडी घेऊन हंगामाला जातात. ऐन हंगामात बैल बसला तर गाडी बसली, अन् घरची चूलही.

आता उसाचे. नांगरटीत हुमणीच्या अळ्या वर येतात. नांगरामागे बगळे, साळुंक्या, कावळे त्या वेचून खातात. म्हणून नांगरट दिवसा करा. रात्री ट्रॅक्टर लावला तर खाणारे पक्षी झाडावर झोपलेले असतात आणि अळी पुन्हा मातीत शिरते. हुमणीसाठी पूर्वी सर्रास वापरले जाणारे फोरेट हे जहाल विष, पक्ष्यांनाही घातक. त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. जुनी पुडी घरात असली तरी वापरू नका.

बांधावरच्या बाभळीवर घरटी असतील तर पिले उडेपर्यंत कुऱ्हाड लावू नका. पहिल्या वळवानंतर हुमणीचे भुंगेरे मात्र रात्री त्याच बाभळीवर अन् लिंबावर पाला खायला येतात. घरटी नसलेल्या फांद्या हलवून ते गोळा करा व रॉकेलमिश्रित पाण्यात टाका. हे काम गावाने मिळून केले तरच गुण येईल.