वेगळेपणाची खरेदी : समज आणि वस्तुस्थिती

स्वतःची खास शैली असणारा माणूस कोणाचे अनुकरण करत नाही, ही व्यक्तिवादाविषयीची सर्वांत पक्की आणि सर्वांत कच्च्या पायावरची समजूत आहे. इतरांसारखे दिसावे आणि इतरांहून उठून दिसावे, या दोन्ही ओढींवर फॅशन चालते, हे जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी १९०४ मध्येच मांडले होते. जीन्सचा इतिहास त्याला साक्ष आहे. लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी १८७३ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतले ते अंगमेहनतीच्या कामात टिकणाऱ्या, तांब्याच्या रिव्हेट ठोकलेल्या पँटचे. १९५० च्या दशकात मार्लन ब्रँडो आणि जेम्स डीन यांच्या चित्रपटांनी तिला बंडखोरीचा अर्थ दिला. मग वेगळे दिसण्यासाठी अख्ख्या पिढीने एकच पँट घातली.

वेगळी निवड केली की समाधान अधिक मिळते, हाही समजच. डॅन एरिली आणि जोनाथन लेवाव यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, अमेरिकेतील एका बिअरगृहात एकाच टेबलावरच्या गिऱ्हाइकांना कधी एकमेकांदेखत, कधी गुपचूप मागणी नोंदवायला सांगितले होते. उघडपणे सांगताना लोक आधीच्याने मागवलेली बिअर टाळत आणि शेवटी हाती आलेल्या पेल्यावर कमी खूश असत. सर्वांत आधी मागवणारा तेवढा सुटे. हाँगकाँगमध्ये असाच प्रयोग झाला, तेव्हा लोकांचा कल उघड मागणीत इतरांसारखेच मागवण्याकडे दिसला. म्हणजे वेगळेपणाची ओढ सगळीकडे सारखी नसते. तिच्यावर संस्कृतीचाही प्रभाव असतो.

'खास तुमच्यासाठी' अशी जाहिरात होणारी वस्तू खरोखर एकट्याची असते, असेही मानले जाते. कोका-कोलाने २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात बाटल्यांवर माणसांची नावे छापली. त्यासाठी तिथली सर्वांत प्रचलित १५० नावे निवडली होती. एकाच नावाचे पुष्कळ लोक असल्याशिवाय असा घाऊक छापलेला माल परवडत नाही.

महाग वस्तू म्हणजे व्यक्तिमत्त्वाची खूण, हे समीकरणही तपासून घ्यावे लागते. अर्थतज्ज्ञ हार्वे लायबेनस्टाइन यांनी १९५० मध्ये दोन प्रवृत्ती वेगळ्या दाखवल्या : किंमत जास्त म्हणून घेणे, आणि फार जण घेतात म्हणून सोडून देणे. पहिलीत ऐपतीचे प्रदर्शन असते. वेगळेपणाची हौस दुसरीत असते आणि ती जुन्या बाजारातल्या स्वस्त सदऱ्यावरही भागते.

भारतीय समाज समूहनिष्ठ, म्हणून इथे वैयक्तिक शैली नव्हतीच, हा समज अर्धाच खरा आहे. नऊवारी नेसण्याची पद्धत जात आणि प्रदेश ठरवत. काठ, रंग, दागिना यांत मात्र स्त्रीच्या आवडीला वाव होता. शिंपी प्रत्येकाच्या मापाने कपडा शिवत असे, पण त्याचा घाट समाजमान्य असे. तयार कपड्यांच्या दुकानांनी हे उलटे केले : मापे ठरावीक झाली आणि निवड वाढली.