कर्व्ह केलेली अक्षरे

कसबा पेठ ही पुण्याची सर्वांत जुनी वस्ती, आणि तिच्या भागांची नावे तिथल्या कारागिरीवरून पडलेली आहेत: तांबट आळी, कुंभारवाडा, कागदीपुरा. कागदीपुऱ्यात एकेकाळी हातकागद बनत असे. आज या पेठेत गणेशोत्सवाच्या आधी जे छापून येते, त्यातले बरेचसे कागदावर नसतेच. मंडळाचा फ्लेक्स, कमानीवरचे फलक, निमंत्रणपत्रिका, वर्गणीची पावती, वर्षाचा कार्यअहवाल, या सगळ्यांची घडण एकसारखी असते. वर एक छायाचित्र, खाली मराठी मजकूर, आणि दोन्हींना एकत्र आणणारा संगणकावरचा एक चित्रसंपादन प्रोग्राम. अशा प्रोग्रामांचा इतिहास सांगितला जातो तो चित्राच्या बाजूने. रंग कधी आले, लेयर कधी आले, डाग पुसण्याची सोय कधी आली, असा तो क्रम असतो. मराठी माणसासाठी मात्र तो अक्षराच्या बाजूने सांगायला हवा, असे या लेखाचे म्हणणे आहे. आपल्याला छायाचित्र दुरुस्त करता येऊ लागले त्यानंतर दोन दशकांनी त्याच पडद्यावर मराठी शब्द सरळ मार्गाने, शुद्ध लिहिता येऊ लागला. मधल्या काळात जी युक्ती आपण वापरली, तिची किंमत अजून फिटलेली नाही.

आधी चित्राची बाजू. १९८७ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या थॉमस नोल यांनी मॅक प्लस संगणकाच्या निव्वळ काळ्या-पांढऱ्या पडद्यावर करड्या छटा दाखवण्यासाठी ‘डिस्प्ले’ नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला. त्यांचे बंधू जॉन नोल ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’ या चित्रपटांच्या दृश्यकरामती करणाऱ्या संस्थेत होते. त्यांनी यातले सामर्थ्य ओळखले आणि दोघांनी मिळून प्रोग्राम वाढवला. बार्नीस्कॅन या कंपनीच्या स्कॅनरसोबत त्याच्या सुमारे २०० प्रती गेल्या, पुढे अडोबीने हक्क घेतले आणि फेब्रुवारी १९९० मध्ये फोटोशॉपची पहिली आवृत्ती बाजारात आली. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयाने १.०.१ आवृत्तीची मूळ संहिता अभ्यासासाठी खुली केली. तिच्यात १७९ फाइली आणि सुमारे १ लाख २८ हजार ओळी आहेत, बहुतांश पास्कल भाषेतल्या. लेयर आले १९९४ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत. पण चौथ्या आवृत्तीपर्यंत चित्रावर टाकलेला मजकूर लगेच ठिपक्यांत विरघळून जाई आणि मग त्यातले एक अक्षरही बदलता येत नसे. पुन्हा दुरुस्त करता येणारा मजकूर १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत आला. इंग्रजी लिहिणाऱ्यालासुद्धा आठ वर्षे थांबावे लागले. या प्रोग्रामांच्या घरात अक्षर आरंभापासून पाहुणेच होते.

इंग्रजीच्या बाबतीत हा पाहुणा साधा होता. एक कळ, एक खूण, आणि खुणा डावीकडून उजवीकडे ओळीने मांडायच्या. देवनागरीची रचना वेगळी. प्रत्येक निमंत्रणपत्रिकेत येणारा ‘मूर्तिप्रतिष्ठापना’ हा शब्द घ्या. त्यातले ‘र्ति’ उच्चारताना आणि टंकताना क्रम असा: र, हलन्त, त, ऱ्हस्व इकार. कागदावर मात्र शेवटी टंकलेली वेलांटी सर्वांत आधी उभी राहते, मधे त येतो आणि आधी टंकलेला र रफार होऊन माथ्यावर चढतो. पुढे ‘प्र’मध्ये तोच र प च्या पोटात तिरका होतो, आणि ‘ष्ठ’मध्ये दोन व्यंजने एकमेकांत शिरतात. साठवलेला क्रम आणि दिसणारा क्रम यांच्यात हा फेरफार करणारी यंत्रणा प्रोग्रामच्या आत नसेल, तर वेलांटी भलत्या बाजूला लटकते आणि हलन्ताचे पाय उघडे पडतात. छापखान्याला हा प्रश्न नवा नव्हता. देवनागरीला शेकडो खिळे लागत, आणि ते कमी करण्यासाठी लोकमान्य टिळकांनीही खटपट केली होती. पण खिळे जुळवणारा माणूस लिपी जाणत होता. नव्या प्रोग्रामला ती शिकवणे भाग होते.

यावर पुण्यानेच उत्तर काढले, आणि ते दोन वाटांनी. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले ‘जिस्ट’ हे भारतीय लिप्यांचे तंत्र तिथे पुढे वाढले. ‘इस्की’ ही सर्व भारतीय लिप्यांची सामाईक संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक झाली, आणि युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या संकेतप्रणालीमधील देवनागरीच्या कप्प्यांची मांडणी तिच्याच आधीच्या रूपावर बेतलेली आहे. ही पहिली वाट: अक्षराचा अर्थ साठवा, रूप नंतर घडवा. दुसरी वाट तातडीची होती. डीटीपीच्या दुकानात काम संध्याकाळपर्यंत द्यायचे असते आणि समोरचा प्रोग्राम इंग्रजीखेरीज काही जाणत नाही. तेव्हा एका फाँटमध्ये मिळणाऱ्या जेमतेम अडीचशे घरांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले गेले: अर्धा त, काना, रफार, वेलांटीच्या लहानमोठ्या कमानी. सी-डॅकचे सुरेख आणि योगेश, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बाजारातले इतर संच, सगळे याच तत्त्वावर चालले. प्रोग्रामला वाटे की तो इंग्रजी मांडतो आहे. डोळ्याला मराठी दिसे. ही विलक्षण कारागिरी होती आणि तिच्यामुळेच नव्वदच्या दशकात मराठी छपाई टिकली. पण प्रत्येक कंपनीचा घरांचा नकाशा वेगळा. एकाच्या नकाशातला ‘त’ दुसऱ्याच्या नकाशात भलतेच काही, आणि फाँट नसलेल्या संगणकावर सगळाच मजकूर इंग्रजी अक्षरांचा निरर्थक ढीग. त्यातून धंद्याचा एक दंडक तयार झाला: फाइल कर्व्ह करून पाठवा. जानेवारी १९८९ मध्ये कॅनडातील ओटावा येथून आलेला कोरलड्रॉ रेषाकृतींचा प्रोग्राम असल्याने अक्षराची बाह्यरेषा सुटी करून तिला नुसता आकार बनवणे त्यात एका आज्ञेचे काम. कर्व्ह केलेला ‘गणपती’ कुठल्याही संगणकावर बिनचूक दिसतो. फक्त तो शब्द राहिलेला नसतो.

खरा प्रश्न आहे तो त्यानंतरच्या काळाचा. विंडोज २००० या प्रणालीने देवनागरीची जुळणी स्वतः करायला सुरुवात केली. तिच्यातला ‘मंगल’ हा फाँट मुंबईचे थोर अक्षरकार प्रा. र. कृ. जोशी यांनी रेखाटला होता. म्हणजे संगणकाला मराठी येऊ लागली. चित्रसंपादन प्रोग्रामांना येईना, कारण ते अक्षरे जुळवण्याचे काम प्रणालीला न विचारता आपापल्या खासगी यंत्रणेने करत. अडोबीच्या इनडिझाइन या पानरचनेच्या प्रोग्रामला आणि कोरलड्रॉच्या एक्स-६ आवृत्तीला ही जुळणी आली २०१२ मध्ये. फोटोशॉपमध्येही नंतर दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय मिळाला, पण वापरणाऱ्याने पसंतीच्या यादीत जाऊन तो निवडायचा होता. याच्या शेजारी गिंपचे उदाहरण ठेवून पाहावे. बर्कलीतील स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये सुरू केलेला हा मुक्त प्रोग्राम. २००४ मध्ये आलेल्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीने मजकुराचे काम ‘पँगो’ या सामाईक, सर्वांना खुल्या ग्रंथालयाकडे, म्हणजे अनेक प्रोग्रामांनी वापरायच्या तयार संहितेकडे, सोपवले. त्या ग्रंथालयाला देवनागरी कळत होती, म्हणून गिंपलाही कळू लागली. जुळणीत चुका राहिल्या असतील. पण एकाने केलेली दुरुस्ती त्या ग्रंथालयावर चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला मिळत होती. मोठ्या कंपन्यांच्या आठ वर्षे आधी हे घडले, ते अक्षराचे ज्ञान सामाईक ठिकाणी ठेवल्यामुळे.

यावर पहिला आक्षेप डिझायनरांचा असेल, आणि तो वजनदार आहे. युनिकोडमध्ये बराच काळ चांगले फाँट मोजकेच होते. जुन्या संचांत जाड, बारीक, नक्षीदार, बोरूच्या वळणाची अक्षरे मुबलक होती. लग्नपत्रिका मंगलमध्ये कोण छापणार? शिवाय गिंपमध्ये छपाईच्या चार रंगांची सोय नव्हती, त्यामुळे ऑफसेटचे काम त्यावर नेणे अवघड होते. हे सारे मान्य. त्या काळी डिझायनरने जुना फाँट निवडला यात त्याची चूक नव्हती. पण ते कारण आता संपले आहे. ‘एक टाइप’सारख्या मुंबईच्या संस्थेने ‘मुक्त’ आणि ‘बलू’सारखी देखणी अक्षरकुटुंबे विनामूल्य खुली केली आहेत. मराठी वळणाचे ल आणि श कसे असावेत याचा निर्णय राज्य शासनाने २००९ मध्येच केला आहे, आणि नवे फाँट ही रूपे भाषेनुसार बदलूनही देऊ शकतात. सौंदर्य आणि शब्दपण यांतून एकच निवडण्याची वेळ आता डिझायनरवर येत नाही.

दुसरा आक्षेप असा की फ्लेक्स दहा दिवसांचा; त्यातला मजकूर शब्द म्हणून उरला काय आणि आकार म्हणून उरला काय, वाचणाऱ्याला फरक पडत नाही. फ्लेक्सपुरते हे खरे. पण त्याच दुकानात, त्याच युक्तीने मंडळांचे कार्यअहवाल, स्मरणिका, वंशावळी, संस्थांची शताब्दीपत्रके तयार झाली. कसबा गणपती हे पुण्याचे ग्रामदैवत, आणि त्याच्या सार्वजनिक उत्सवाची परंपरा १८९३ पासूनची. एखाद्या पेठेचा सामाजिक इतिहास लिहायचा तर वर्गणीदारांच्या याद्या, देखाव्यांचे विषय, व्याख्यात्यांची नावे हीच साधने. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ मध्ये काढलेल्या चित्रशाळेच्या शिळाछापातील अक्षरे आजही वाचता येतात, कारण त्यांना वाचायला डोळ्यांपलीकडे काही लागत नाही. १९९८ ची फाइल उघडायला तो प्रोग्राम, ती आवृत्ती आणि तो फाँट लागतो. कुणी म्हणेल, चित्रातला मजकूर ओळखणारी यंत्रे आता आहेत, जुन्या फाँटांचे परिवर्तकही आहेत. आहेत, पण परिवर्तकाला प्रत्येक फाँटचा नकाशा हवा, कर्व्ह केलेल्या मजकुरापुढे त्याचा इलाज नाही, आणि ओळखयंत्र नेमके विशेषनामांत ठेचकाळते. इतिहासाला लागतात ती नावेच.

तिसरा आक्षेप बाजाराचा: मराठीसाठी खर्च करून परदेशी कंपनीला मिळणार काय? २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. तरीही विकत घेणारे थोडे, हे मानू. पण गिंपच्या उदाहरणाने दाखवले की देवनागरीसाठी वेगळा प्रोग्राम उभारावा लागत नाही. सामाईक यंत्रणेचा आधार घ्यावा लागतो. इस्कीपासून युनिकोडपर्यंत जे टिकले ते सामाईक होते. जे खासगी नकाशात बंद राहिले ते नकाशासोबत मावळते आहे. यंत्रणा बाजारावर सोडता येईल, पण लिपीचे मानक सार्वजनिक मालकीचेच असायला हवे.

हा प्रश्न जुना झाला असे मानून चालणार नाही. फोनवर आज मराठी सहज उमटते, कारण तिथे जुळणी प्रणालीच करते. पण २०२३ पासून फोटोशॉपमध्ये वर्णन लिहिले की चित्र घडवून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आली, आणि अशी साधने अक्षराला पुन्हा आकारच समजतात. त्यांनी काढलेल्या पाटीवर शिरोरेषा असते, काने-मात्रांसारखे काहीतरी असते, आणि कित्येकदा शब्द नसतो. कर्व्ह करताना निदान आधी एक शब्द होता. म्हणून आता आग्रह धरायचा तो काम देणाऱ्यांनी. कसब्यातल्या मंडळाने यंदाच्या अहवालाचे काम देताना दोन फाइली मागाव्यात: छपाईसाठी कर्व्ह केलेली, आणि जपण्यासाठी युनिकोडमधल्या जिवंत मजकुराची. दुसऱ्या फाइलीला वेगळा पैसा लागत नाही; मजकूर आधीच टंकलेला असतो, तो फक्त फेकून द्यायचा नसतो.