कीटक कोणत्या वयात गाठावा?

पावसाळा सरता सरता मुंबईच्या खाडीकाठची तिवरं कधी कधी जळाल्यासारखी तपकिरी पडतात आणि कुणीतरी विष ओतलं असणार, अशी शंका लोकांना येते. कांदळवनांवर आजवर चाललेली कुऱ्हाड पाहता ती अनाठायी नाही. पण पान हातात घेतलं की शिरांची जाळी तेवढी उरलेली दिसते. मधला हिरवा भाग खरवडून खाल्लेला असतो. ‘हायब्लिया प्यूरा’ या पतंगाच्या अळीचं हे काम. सागाची पानं फस्त करणारी अळी ती हीच. चार वेळा कात टाकत ती साधारण दोन आठवडे खाते आणि मग कोषात जाते. कोषातून निघालेला पतंग पानाला तोंड लावत नाही, सोंडेने फुलांतला मध पितो. त्यामुळे झाडं उघडीबोडकी दिसून ओरड सुरू होते तोवर खादाड वय बहुतेक सरलेलं असतं आणि काही आठवड्यांत तिवराला नवी पालवी फुटते. तरीही फवारणी करा, असं म्हणणाऱ्यांनी शिवडीच्या चिखलपट्टीचा विचार करावा. फवारलेलं औषध भरती-ओहोटीबरोबर फ्लेमिंगोंच्या चरण्याच्या जागेत उतरणार. अळीची कात अडवणारी औषधं तर खेकडे-कोळंबीलाही घातक, कारण कायटिनचं कवच टाकून वाढणं हा दोघांचाही जीवनक्रम आहे.

कीटकांचा बंदोबस्त बहुतेकदा फसतो तो चुकीचं वय गाठल्यामुळे, असं माझं ठाम मत आहे. पतंग-फुलपाखरं, डास-माश्या, भुंगेरे आणि पिसवा या गणांत अंडं, अळी, कोष आणि प्रौढ अशा चार अवस्था असतात. बहुतेकदा अळीचं अन्न वेगळं, प्रौढाचं वेगळं. शिवडीशेजारच्या परळमध्ये याचा मोठा दाखला आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. 1899 मध्ये हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली आणि पुढे प्लेग आयोगाच्या प्रयोगांतून उंदरावरच्या पिसवेचा दोष पक्का झाला. पिसवा पोचणार नाहीत असे ठेवलेले गिनीपिग वाचले. रक्त पिते ती प्रौढ पिसू. तिची अळी मात्र धुळीत, सांदीकोपऱ्यात, प्रौढांच्या वाळलेल्या विष्ठेवर वाढते. नुसते उंदीर मारले तर भुकेल्या पिसवा माणसाकडे वळतात, पुढची पिढी जमिनीच्या फटीत शाबूत राहते.

झुरळाला कोषच नाही. त्याचं पिल्लू बिनपंखांचं छोटं झुरळच असतं आणि तेही त्याच ओट्याखाली चरतं. मग इथे तरी वय पाहायचं कशाला, असा आक्षेप येईल. पण अंडी कडक डबीत सुरक्षित असतात. फवाऱ्यातून वाचलेल्या डब्या नंतर फुटतात, म्हणून एकदाच औषध मारून भागत नाही. चतुरालाही कोष नसतो, तरी त्याचं पिल्लू पाण्यात राहून डासांच्या अळ्या खातं. म्हणजे कोष आहे की नाही एवढ्याने सगळं ठरत नाही. प्रत्येक कीटक कुठे आणि काय खातो, हे पाहावंच लागतं.

डासांबाबत ही चूक सर्वांत महाग पडते. धुराने उडते डास मरतात, पण अळ्या आणि कोष पाण्यात सुखरूप राहतात. शहरात मलेरिया पसरवणारा ‘अ‍ॅनोफिलीस स्टिफेन्सी’ टाक्या-विहिरींच्या स्वच्छ पाण्यात वाढतो. त्यासाठी तिवरांना दोष देणं चूक आहे. अंड्यापासून डास व्हायला उबदार हवेत आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. पिंप दर आठवड्याला रिकामं करूनही डेंग्यू येतोच, ही तक्रार खोटी नव्हे. डेंग्यू पसरवणाऱ्या ‘एडिस’ डासाची मादी अंडी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, पिंपाच्या आतल्या भिंतीला चिकटवते आणि ती कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात. त्यामुळे पिंप पालथं करण्याआधी काथ्याने आतून खसाखसा घासायला हवं.