तलावातील मासे एका रात्रीत का मरतात?

भाद्रपदातील एखाद्या सकाळी बोडीच्या पाण्यावर रोहू, कटला, मृगल पांढरी पोटे वर करून तरंगताना दिसतात आणि गावात पहिला शब्द निघतो तो ‘कोणीतरी औषध टाकले’ असा. सालेकसा भागात धान, जंगल व पाणी ही शेजारीशेजारी नांदतात. मालगुजारी १९५१ साली संपुष्टात आली, तरी तिच्या काळातील तलाव आजही धानाला ओलित देतात व धीवर बांधवांचा उदरनिर्वाह त्यांवरच चालतो. म्हणून मासे मेले की हानी केवळ वर्षाच्या उत्पन्नाची होत नाही. ज्याची बांधी पाळीला लागून आहे त्या कास्तकाराकडे बोट दाखविले जाते आणि एका गावात दोन तट पडतात. हा संशय क्वचित खरा असतो. पुष्कळदा तो खोटा ठरतो. खरे कारण पाण्यावरून व माशांवरून ओळखता येते, मात्र पाहणी पहिल्या काही तासांतच झाली पाहिजे.

प्रथम वेळ पाहावी. मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांनी घेतो. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात दर लिटरला सुमारे साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. पाणी तापले की तो आणखी कमी मावतो. (समुद्राच्या पाण्यात तर ह्याहूनही सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी. शहरातील हौशी लोक काचेच्या पेटीत खाऱ्या पाण्याचे मासे पाळतात, त्यांचा हवेचा पंप रात्री बंद पडला तर सकाळी सारी पेटी मेलेली आढळते, ती ह्याच कारणाने.) दिवसा पाण्यातील शेवाळ सूर्यप्रकाशात प्राणवायू तयार करते, रात्री तेच शेवाळ, मासे व तळचा सडणारा गाळ मिळून तो खातात. साहजिकच पहाटे साठा सर्वांत कमी असतो. दोन-तीन दिवस आभाळ भरलेले राहिले, किंवा जंगलातील पालापाचोळा पुराच्या पाण्याबरोबर तलावात आला, तर हा साठा दर लिटरला तीन मिलिग्रॅमच्याही खाली जातो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडे ठेवून हवा घेऊ लागतात. उजाडण्यापूर्वी असे दृश्य दिसले असेल आणि ऊन चढल्यावर उरलेले मासे सावरले असतील, तर कारण बहुधा प्राणवायूची टंचाई हेच होय.

नंतर कोण मेले आणि कोण वाचले, हे पाहावे. ह्या एका गोष्टीत अर्धा उलगडा असतो. प्राणवायू कमी पडला की मोठे मासे आधी मरतात, बोटुकली मागाहून. मरळ, मागूर व शिंगी हे मासे वरची हवा घेऊ शकतात, म्हणून ते तगून राहतात. बेडकांनाही सहसा काही होत नाही. विषबाधेत चित्र निराळे असते. लहान मासे आधी जातात, मरळही सुटत नाही, झिंगे व पाण्यातील किडेही मेलेले सापडतात. मरणारा मासा गिरक्या घेतो, अंगास झटके देतो. आणि हे दिवसाच्या कोणत्याही प्रहरी घडते. तुडतुडे वा खोडकिडा यांसाठी धानावर फवारलेली काही औषधे, विशेषतः सायपरमेथ्रिनसारखी, माशांना अत्यल्प प्रमाणातही घातक असतात. फवारणीनंतर जोराचा पाऊस येऊन बांधीचे पाणी तलावात उतरले तर कोणी हेतुपुरस्सर काही न करताही मासे मरू शकतात. तेव्हा फवारणी कोणत्या दिवशी झाली, पाऊस केव्हा आला व पाणी कोणत्या वाटेने उतरले, ह्याची चौकशी शांतपणे करावी. फवारणीचा पंप वा रिकामा डबा तलावात धुतला गेला काय, हेही विचारावे.

रोगाने मासे एका रात्रीत सहसा मरत नाहीत. अंगावर लाल व्रण पडणारा रोग भारतात १९८८ मध्ये आला. त्यात मरळीसारखे मासेही सापडतात, परंतु मरणूक दिवसेंदिवस वाढत जाते.

पाण्याचा रंग व वासही बोलतात. कालचे हिरवेगार पाणी आज करडे झाले असेल तर शेवाळ एकदम मेले असे समजावे. सडक्या अंड्याचा वास आल्यास वारा-पावसाने तळचे पाणी ढवळून वर आले आहे.

टंचाई दिसताच शेणखत व खाद्य ताबडतोब थांबवावे. कालव्याचे वा विहिरीचे ताजे पाणी उंचावरून पडेल असे सोडावे. ते नसल्यास पंपाने तलावाचेच पाणी उचलून हवेत फेकावे, अथवा बांबूंनी पाणी झोडपावे. घाईने चुना टाकण्याची रीत मात्र सर्वत्र योग्य नव्हे. पाण्यात अमोनिया साचला असेल तर चुन्याने तो अधिक विषारी होतो. म्हणून पाण्याचा सामू मोजूनच चुन्याचा निर्णय घ्यावा.

विषाचा संशय असल्यास मेलेले मासे विकू वा खाऊ नयेत, जनावरांना त्या पाण्यावर सोडू नये. गावपातळीवरील कार्यकर्त्याने पंचांसमक्ष तलावाचे व आत येणाऱ्या ओहोळाचे पाणी वेगवेगळ्या स्वच्छ काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरून, झाकून, बर्फात ठेवावे. नुकते मरणारे दोन-चार मासे निराळे बांधून बर्फातच पाठवावेत. दुपारपर्यंत उन्हात फुगलेला मासा तपासणीच्या उपयोगी पडत नाही. बाटलीवर ठिकाण, तारीख व वेळ लिहून ती त्याच दिवशी मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयाकडे, गोंदियास रवाना करावी.