उत्तरवयातील गीत आणि निसर्ग : जोनी मिचेल यांचा 'शाइन'

शब्द तेच राहूनही गीताचा आशय बदलू शकतो काय, हा गीतकाव्याच्या अभ्यासातील एक मूलभूत प्रश्न आहे. कॅनेडियन गीतकार-गायिका जोनी मिचेल (जन्म १९४३) यांचा 'शाइन' (२००७) हा गीतसंग्रह या दृष्टीने लक्षणीय ठरतो. 'टेमिंग द टायगर' (१९९८) नंतर नऊ वर्षांनी आलेला हा त्यांचा नव्या गीतांचा संग्रह होय.

नव्या गीतांबरोबरच 'बिग यलो टॅक्सी' हे १९७० मधील गीत येथे पुन्हा ध्वनिमुद्रित झाले आहे. हवाई येथे हिरव्या डोंगरांच्या दृश्यात पसरलेला वाहनतळ पाहून ते सुचले होते. मूळ ध्वनिमुद्रणातील उंच, खेळकर स्वर निसर्गनाशाविषयी सावध करतो. त्रेसष्टाव्या वर्षीचा खर्जाकडे झुकलेला स्वर मात्र घडून गेलेल्या नाशाची साक्ष देतो. इशाऱ्याचे रूपांतर साक्षीत होते, ते स्वराच्या वयामुळे.

'धिस प्लेस' या गीतात ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरील परिसर येतो. तेथील डोंगर फोडून कॅलिफोर्नियाला विकले जाणार आहेत. संस्कृत साहित्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर निसर्ग येथे उद्दीपनविभाव नसून आलंबनविभाव आहे; शोक त्याच्याचविषयी आहे. माणूस जातो, पण डोंगर राहतो, हे वार्धक्यातील पारंपरिक सांत्वन होय. वृद्धत्वाकडे झुकलेल्या निवेदिकेच्या आधी डोंगरच जाणार असेल, तर हे सांत्वनच नाहीसे होते. संग्रहातील विषादाचे मूळ येथे आहे.

तरीही संग्रहाचा शेवट विषादात होत नाही. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंग यांच्या 'इफ' या कवितेचे रूपांतर अखेरीस येते. मूळ कवितेच्या शेवटी क्षणाचे सार्थक अथक धावण्यात मानले आहे आणि पुत्राला पौरुषाचे आश्वासन दिले आहे. मिचेल धावण्याच्या जागी विस्मय आणि आनंद आणतात, पौरुषाचा उल्लेख गाळतात आणि साधा दिलासा देतात. उत्तरवयातील मूल्यदृष्टी या बदलांतून प्रकट होते.

सारांश, गीताची संहिता छापील शब्दांपुरती मर्यादित मानता येत नाही. गायकाचा स्वर आणि त्या स्वराचे वय हेही तिचे घटक आहेत. मराठी भावगीताच्या अभ्यासकानेही एका गीताची भिन्न काळांतील ध्वनिमुद्रणे स्वतंत्र पाठ म्हणून तपासावीत, असे यावरून म्हणता येईल.