मामा तलावाची पाळ आतून कशी दिसते? कोडला विचारू या!

पावसाळ्यात भंडाऱ्यातल्या एखाद्या मामा तलावाच्या पाळीवर उभे राहा. एका बाजूला तुडुंब पाणी, दुसऱ्या बाजूला धानाच्या बांध्या. मध्ये फक्त माती. मामा म्हणजे ‘माजी मालगुजारी’. यातले बरेच तलाव कोहळी समाजाने गोंड राजवटीत बांधले. सिमेंट नाही, लोखंड नाही. मग ही पाळ टिकते कशी आणि फुटते कशी?

पाणी मातीतूनही चालतं

मातीची पाळ आतून कोरडी नसते. पाणी कणाकणांमधून झिरपत पलीकडे जातं. त्याचा नियम हेन्री डार्सी या फ्रेंच इंजिनिअरने १८५६ मध्ये मांडला. दोन्ही बाजूंच्या पातळीत फरक जास्त आणि मधली वाट कमी, तर पाणी जास्त. बाकी सगळा खेळ मातीचा. वाळूतून पाणी चिकणमातीच्या लाखपट वेगानेही जाऊ शकतं.

कोड काय करतो?

पाळ आडवी कापली असं समजा आणि त्या कापावर गणिताच्या वहीसारखे चौकोन आखा. माती सगळीकडे सारखी असेल, तर प्रत्येक चौकोनातली पाण्याची पातळी ही शेजारच्या चार चौकोनांची सरासरी असते. कडेचे आकडे आपल्याला माहीत असतात. मधले अंदाजाने भरायचे आणि आकडे बदलायचे थांबेपर्यंत सरासरी काढत राहायचं. एक्सेलमध्येही जमतं! किचकट भाग एकच: ओल्या मातीची वरची रेघ कुठे आहे हे आधी माहीत नसतं, तीही शोधावी लागते.

ती रेघ सापडली की दुसरा हिशोब. पाण्याचा दाब मातीची पकड सैल करतो. म्हणून माती धरून ठेवणाऱ्या बलाला घसरवणाऱ्या बलाने भागायचं. उत्तर १ च्या खाली आलं तर उतार घसरणार. धरणांसाठी साधारण १.५ लागतं.

मी हे पायथॉनमध्ये करून पाहिलं. पायथ्याशी वाळूचा एक पातळ थर टाकला आणि बहुतेक पाणी तिथूनच पळालं. म्हणजे गणित सोपं आहे, आत काय दडलंय हे कळणं अवघड.

कुणीच न बांधलेली पाळ

१८ मे १९८० रोजी अमेरिकेतल्या माउंट सेंट हेलेन्स ज्वालामुखीचा एक अख्खा उतार कोसळला. त्या ढिगाऱ्याने ओढे अडले आणि कॅसल लेक तयार झाला. इथे नकाशा असण्याचा प्रश्नच नव्हता. शास्त्रज्ञांनी ढिगाऱ्यात बोअर मारून पाण्याची पातळी मोजली आणि मग हेच हिशोब केले. शेजारच्या स्पिरिट लेकचं पाणी वाढत गेलं, तेव्हा १९८५ पर्यंत सुमारे २.६ किलोमीटरचा बोगदा खोदून त्याला वाट काढून द्यावी लागली.

तुम्ही काय बघाल?

२ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण फुटलं, माणसं गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती, अशा बातम्या तेव्हा आल्या.

पाळीच्या पायथ्याशी स्वच्छ पाणी पाझरत असेल तर लक्ष ठेवा. पाणी गढूळ झालं तर ते आतली माती घेऊन येतंय. पोकळी पायथ्यापासून उलटी तलावाकडे वाढत जाते, अगदी नळीसारखी. अशा वेळी लांबूनच फोटो काढा, लोकेशन आणि तारीख टाका, ग्रामपंचायत आणि तहसील कार्यालयाला लगेच कळवा.

मॉडेलला डेटा लागतो. पाळीवरून रोज चालणाऱ्या माणसाला तो सगळ्यात आधी दिसतो.