पळताना घड्याळाचा आकडा किती खरा?

विश्रामबागेत पहाटे फिरायला निघालो की पोलीस भरतीची तयारी करणारी आपली मुले-मुली पळताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. हल्ली अनेकांच्या मनगटावर ठोके दाखवणारे घड्याळ असते. १८० आकडा दिसला की कुणी घाबरून थांबतो. ११० दिसला म्हणून चक्कर येत असतानाही दुसरा पळत राहतो. आम्हाला काळजी आहे ती या दुसऱ्याची.

घड्याळाच्या खालच्या बाजूला हिरवा दिवा असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. प्रत्येक ठोक्याला कातडीखालचे रक्त वाढते, परत येणारा प्रकाश कमी होतो, आणि त्यावरून ठोके मोजले जातात. शांत बसल्यावर हे बऱ्यापैकी जमते. पळताना हात हलतो, सैल पट्टा सरकतो, बाहेरचा उजेड आत शिरतो. कधीकधी तर घड्याळ ठोक्यांऐवजी पावलेच मोजते!

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने २०२० मध्ये वेगवेगळ्या वर्णांच्या ५३ जणांवर अशी घड्याळे तपासली. हालचाल करताना चूक विश्रांतीपेक्षा सरासरी ३० टक्के जास्त निघाली. कातडीच्या रंगाने मात्र ठळक फरक पडला नाही. गोंदणाचे तसे नाही. आजीच्या मनगटावरचे गोंदण असो की नातवाने काढून घेतलेला ‘जय भीम’चा टॅटू, शाई प्रकाश अडवू शकते. घड्याळ दुसऱ्या हातात, मनगटाच्या हाडापासून थोडे वर, घट्ट बांधा.

छातीला बांधायचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत टिपतो, म्हणून तो जास्त अचूक. पण त्यासाठी खर्च करायची गरज नाही. थांबल्या थांबल्या अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटे ठेवा, १५ सेकंद ठोके मोजा, चारने गुणा. उशीर केलात तर ठोके उतरलेले असतात. २२० वजा वय हा कमाल ठोक्यांचा फक्त अंदाज आहे.

रक्तदाबासाठी एटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल घेणाऱ्या वडीलधाऱ्यांचे ठोके गोळीमुळेच कमी राहतात. त्यांनी आकड्यामागे लागू नये. चालताना बोलता यावे, गाणे म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे.

छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी, यातले काहीही झाले तर थांबा आणि १०८ ला फोन करा. घड्याळात ७२ दिसत असले तरी.